तीन नंबरचं मशिन

बातमी लागली तेव्हा धाकटीच्या हातात एका अनोळखी माणसाची दाढ होती. मेणाची. स्पिरिटच्या दिव्यावर पातं गरम करून ती दाढेच्या माथ्यावरच्या खाचा कोरत होती आणि मागे कपाटावर ठेवलेला रेडिओ नेहमीसारखा स्वतःशीच बडबडत होता. दातांच्या त्या लॅबमध्ये रेडिओ ऐकायला नव्हता, ग्राइंडरचा आवाज कानात बसू नये म्हणून होता. डॉक्टरांकडून मापं येत, ती प्लास्टरमध्ये ओतली जात, मग त्या पांढऱ्या जबड्यांमध्ये जिथे जागा रिकामी असेल तिथे धाकटी दात बसवी. हे काम ती वीस वर्षं करत होती आणि हात चालू असताना डोकं मोकळं सोडायची तिला सवय होती. म्हणूनच ते शब्द सरळ आत शिरले. पेट्रोल पंपावरची मशिनं, पाइप, मीटर यांची मोडतोड करणाऱ्याला यापुढे सात वर्षांपर्यंत कैद. जामीन नाही. आधी नुसता दंड भरून सुटता येत होतं. कुठल्याशा शहरात कुणी रागाच्या भरात पाइप उपटला, पेट्रोल सांडलं, भडका उडाला आणि रांगेतली माणसं भाजली, तेव्हापासून या कायद्याचं घाटत होतं. आता तो लागू झाला होता. पलीकडे प्लास्टर कालवणारे मास्तर म्हणाले, "बरं झालं. लोकांना कशाची चाडच राहिली नाही." मग तिच्याकडे बघून, "तुमच्या मिस्टरांचं काम कमी होणार म्हणायचं." ती "हो ना" म्हणाली. पातं नको तेवढं आत गेलं आणि दाढेची एक कड ढासळली. तिने पुन्हा मेण लावलं, पुन्हा कोरायला घेतलं. पण ती कड पहिल्यासारखी बसेना.

तिचा नवरा पेट्रोल पंपांच्या मशिनचा मेकॅनिक होता. कंपनीत असे पाच-सहा जण होते, पण मोडतोडीचं काम आलं की त्यालाच पाठवत, कारण तो तक्रार न करता जायचा आणि काम संपवूनच यायचा. नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी डबा, संध्याकाळी बातम्या, रविवारी दाढी उशिरा. त्याच्या अंगाला पेट्रोलचा वास होता आणि धाकटीला तो कधीच येत नसे, जसा आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. गेल्या वर्षात मात्र तो तिला येऊ लागला होता. निदान काही दिवशी. शहराबाहेरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर एक पंप होता, त्याचं तीन नंबरचं मशिन वर्षभरात चारदा मोडलं होतं. दर वेळी तेच, अगदी कोपऱ्यातलं, जिथे कॅमेरा पोचत नाही. दर वेळी पाइप कापलेला. दर वेळी नवरा गेला, आणि दर वेळी घरी येताना काहीतरी घेऊन आला. हातात नाही. पहिल्या खेपेला तो "मॅनेजरबाई" हा शब्द घेऊन आला. मॅनेजरबाई म्हणाल्या, तिकडे धूळ फार उडते. दुसऱ्या खेपेनंतर त्याने चहात साखर घालू नकोस म्हणून सांगितलं. ती वर्षानुवर्षं त्याच्या चहात दोन चमचे घालत आली होती. तिने काही न बोलता साखरेचा डबा मागे सारला आणि दिवसभर तिला त्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही असं वाटत राहिलं. तिसऱ्या खेपेनंतर तो "हरकत नाही" म्हणू लागला. भाजी आळणी झाली, हरकत नाही. बस चुकली, हरकत नाही. हा शब्द त्याचा नव्हता. त्याच्या आईचा नव्हता, भावाचा नव्हता, कंपनीतल्या कुणाचा नव्हता. तो दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडातून, त्या तोंडाची ऊब घेऊन घरात आला होता आणि ताटावर बसून जेवत होता. चौथ्या खेपेला तो निघताना इस्त्रीचा शर्ट मागत होता. पाइप बदलायला.

धाकटीने कधी काही विचारलं नव्हतं. विचारणं तिच्या घराण्यात थोरलीकडे होतं. थोरली, तिच्याहून चार वर्षांनी मोठी बहीण, जे हवं ते मागून घ्यायची, नाही मिळालं तर रडून घ्यायची, आणि धाकटीच्या वाट्याला तिचे आखूड झालेले फ्रॉक, तिची संपत आलेली पेन्सिल आणि तिच्या गमती ऐकण्याचं काम यायचं. थोरली सोळा-सतराची असताना गल्लीच्या टोकाला एक मुलगा सायकल टेकवून उभा राहायचा. गल्लीत दिव्याचा एकच खांब होता, बरोबर त्यांच्या दारासमोर. एका संध्याकाळी त्याने दगड मारून तो दिवा फोडला, अंधार झाला की थोरलीला दोन मिनिटं बाहेर येता यावं म्हणून. नगरपालिकेने दिवा बदलला, त्याने परत फोडला. तिसऱ्यांदा पकडला गेला, त्याला चौकीत बसवून ठेवलं, वडिलांनी थोरलीच्या थोबाडीत मारली. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. त्या दोन दिवसांत धाकटी थोरलीच्या लाल झालेल्या गालाकडे बघायची. तिला कीव यायला हवी होती. तिला तो गाल हवा होता. पुढे तो मुलगा कुठल्या कुठे गेला, थोरलीचं लग्न एका पापभीरू कारकुनाशी झालं, तिला आता त्याचं नावसुद्धा धड आठवत नाही. दिवा मात्र धाकटीच्या डोक्यात फुटतच राहिला. फुटताना त्याचा आवाज फार मोठा नव्हता, नुसती काच सांडल्यासारखा.

मेणाची दाढ हातात धरून ती बसली होती आणि अचानक तो आवाज आणि तीन नंबरचं मशिन एकत्र आलं. तिला काही शोधावं लागलं नाही. नवऱ्याच्या पिशवीत काळ्या मुठीचा सुरा असतो. पाइप कुठून आणि कसा कापला की तो फक्त बदलावाच लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत. मोडतोड झाली की कंपनी त्यालाच पाठवते. तोच कापतो. तोच कापतो आणि मग दोन दिवसांनी इस्त्रीचा शर्ट घालून तोच जोडायला जातो. एवढा वेळ तिला एका बाईचा हेवा वाटत होता. आता त्या हेव्याला एकदम उंची आली, घरात न मावण्याएवढी. कारण हा माणूस कुणासाठी काही मोडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिच्या पोटातलं मूल गेलं त्या दिवशी ती इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी निरोप गेला होता. तो आला संध्याकाळी सहाला, कामाची वेळ संपवून, सफरचंदं घेऊन. "साहेब नाही म्हणाले," एवढंच तो म्हणाला होता, आणि सफरचंदं स्टुलावर एका ओळीत मांडली होती. तिने त्याला दोष दिला नाही. असा आहे, म्हणाली. काही माणसं अशी असतात. आणि आता कळत होतं की तो असा नव्हताच, तो फक्त तिच्यापुरता असा होता.

संध्याकाळी तिने बातमी त्याच्यापुढे ठेवली, ताट ठेवावं तशी. "पंपाच्या मोडतोडीला आता सात वर्षं आहेत म्हणे." तो चपातीचा तुकडा मोडत होता. त्याचा हात थांबला, नाही असं नाही. "कोण म्हणालं?" "रेडिओवर होतं. जामीनसुद्धा नाही." त्याने तुकडा भाजीत बुडवला. मग म्हणाला, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "लोकांना कळत नाही, पेट्रोल आहे ते, खेळ नाही." त्याच्या गळ्याशी एक शीर उडत होती. धाकटीने ती पाहिली आणि भाताचं भांडं उचलायला आत गेली, आणि ओट्याशी उभं राहून तिला असं वाटलं की कायदा पंपांसाठी झालेला नाही, तो तिच्यासाठी झाला आहे. दंड होता तोवर कळायला मार्ग नव्हता. आता कळेल. आता तो थांबला, तर त्या बाईची किंमत दंडाएवढीच होती. आणि नाही थांबला तर.

ती डोळ्यांत तेल घालून वाट बघू लागली. आठवडे गेले. मोठ्या रस्त्यावरच्या पंपावरून फोन आला नाही. नवरा इतर पंपांवर जात होता, येत होता, जेवत होता, आणि एक दिवस चहा पुढे आल्यावर म्हणाला, "थोडी साखर घाल." धाकटीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन दिवस. मग तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये सुळ्याचं टोक घासताना तिच्या लक्षात आलं की आपण त्याला मनातल्या मनात भित्रा म्हणतो आहोत. एवढंच का तुमचं. एका बातमीने तोंडचं पाणी पळालं. तिला त्या बाईची दया यायला लागली. तीही बिचारी वाट बघत असेल, तिलाही आता कळलं असेल हा माणूस कुठवर येतो आणि कुठून परत फिरतो. त्या दयेत एक गोडवा होता. संध्याकाळी घरी आली की ती त्याच्या चहात पूर्वीसारखी दोन चमचे साखर घालायची आणि ढवळताना तिचा हात हलका असायचा.

आणि मग एका रविवारी दुपारी, तो पेपर तोंडावर घेऊन पडला असताना, फोन वाजला. तो "हां, हां" म्हणाला, "कितवं?" म्हणाला. फोन ठेवून खाटेच्या कडेवर बसून राहिला, पाय खाली सोडून. "काय झालं?" तिने विचारलं. "तीन नंबर," तो म्हणाला. चेहरा उतरला होता. घाबरलेला होता. धाकटीला तो चेहरा वाचायला वेळ लागला नाही, किंवा तिला तसं वाटलं. तो शर्ट घालत होता आणि बटणं चुकत होती, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून बघत होती आणि तिच्या अंगात कणकण भरल्यासारखं झालं होतं. सात वर्षं. त्याने सात वर्षं उचलून त्या बाईसमोर ठेवली होती. साहेब नाही म्हणाले म्हणून दिवसभर दवाखान्यात न आलेल्या माणसाने. तो गेल्यावर तिने पेपर घडी करून ठेवला, उशी झटकली, उशीला त्याचा वास आला, आणि ती उशी मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. ज्या माणसाबरोबर आपण इतकी वर्षं राहिलो त्याच्याबद्दल तिला त्या दुपारी पहिल्यांदा ओढ वाटली, आणि ती ओढ दुसऱ्या कुणाच्या मालकीची होती.

मंगळवारी तिने मास्तरांना बरं नाही म्हणून सांगितलं आणि दोन बस बदलून त्या पंपावर गेली. काय करायचं ते ठरलं नव्हतं. बघायचं होतं. पंप तिला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. चार मशिनं, वर पत्र्याचं छप्पर, पलीकडे हवा भरायची जागा आणि काचेची एक खोली. कोपऱ्यातल्या मशिनच्या पाइपला नव्या रबराची चकाकी होती आणि शेजारी कोरा करकरीत फलक: मोडतोड करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद. ती फलक वाचत असतानाच मागून आवाज आला, जरा घोगरा. "कुणाला शोधताय का?" वळून पाहिलं तर एक बाई उभी होती, धाकटीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली, जाड चष्म्याची, आखूड कापलेले केस कानांवर पांढरे झालेले. छातीवर मॅनेजर अशी पट्टी. धाकटीला एकदम कुणीतरी पायाखालची पायरी काढून घेतल्यासारखं झालं. तिने वर्षभर एक बाई मनात घडवली होती, तिला मान दिली होती, कंबर दिली होती. देखण्या बाईवर जळणं सोपं असतं, त्यात आपला काही दोष नसतो. या बाईवर कसं जळायचं ते तिला कळेना, आणि न कळताच ती जळत होती, आधीपेक्षा जास्त.

"मी मेकॅनिकची मिसेस," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही. मॅनेजरबाईंचा हात पट्टीकडे गेला, मग चष्म्याकडे. "या ना," त्या म्हणाल्या, "आत या, उन्हात का उभ्या." काचेच्या खोलीत त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. "तुम्ही दात करता ना? ते सांगत होते. म्हणाले, आमच्या हिने केलेला दात तोंडात कुठला ते ओळखू येत नाही." धाकटीने पाण्याचा घोट घेतला. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. "या बाजूला आले होते," ती म्हणाली, "म्हटलं बघावं, सारखं नाव ऐकते." "माझं?" मॅनेजरबाईंनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा, तो मोठा, थकलेला चेहरा, एका क्षणापुरता असा काही उजळला की धाकटीने नजर वळवली. "पंपाचं," ती म्हणाली. "हां, पंपाचं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्यांचा गुडघा बरा आहे का आता? परवा बसताना फार त्रास होत होता. मी म्हटलं, खाली पुठ्ठा घ्या. ऐकत नाहीत." धाकटीला गुडघ्याचं काही माहीत नव्हतं. "बरा आहे," ती म्हणाली. बाहेर एक ट्रक लागला, एक माणूस पाइप ओढत गेला. "नवा कायदा आलाय," धाकटी म्हणाली. बोलताना तिने ग्लासाकडे बघितलं. "जो कोणी करत असेल त्याला समज द्यायला हवी. सात वर्षं म्हणजे काय, माणूस म्हातारा होऊन बाहेर येतो." काचेवर धूळ होती, मॅनेजरबाईंनी बोटाने तिच्यावर एक रेघ ओढली आणि पुसली. "खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "द्यायला हवी समज." परतीच्या बसमध्ये धाकटीला राहून राहून प्रश्न पडत होता की आपण नवऱ्याचा निरोप त्या बाईला दिला, की आपला स्वतःचा, आणि त्या बाईने तो घेतला तेव्हा तिचा आवाज इतका नरम का झाला.

संध्याकाळी त्याने बूट काढले तसं तिने विचारून टाकलं. विचारायची सवय नसल्यामुळे प्रश्न फार सरळ बाहेर पडला. "पाइप तुम्ही कापता ना?" तो मोजे हातात धरून बघत राहिला. "कुठला पाइप?" "तीन नंबरचा. त्या बाईसाठी. मी जाऊन आले आज." "तू पंपावर गेली होतीस?" "मी विचारते ते सांगा." तो हसायला गेला आणि ते हसू मधेच कुठेतरी अडकलं. "मी कशाला कापू," तो म्हणाला. "वेडी आहेस का? मला कापता येईल का तसं, रांगेत माणसं असतात." "मग कोण कापतं?" त्याने मोजे सुलटे केले. बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. "तुम्हाला माहीत आहे," धाकटी म्हणाली. त्याने मोजे बुटांत घातले, बूट भिंतीला लावले. "दुसऱ्या खेपेलाच कळलं," तो म्हणाला. "आधी मशिन बंद केलेलं. पाइपातलं उरलेलं पेट्रोल डब्यात काढून घेतलेलं. खाली वाळू पसरलेली. आणि मग कापलेला. मोडणारा माणूस असं करतो का? एवढी काळजी घेऊन कोण मोडतं?" धाकटीला उत्तर समजलं होतं तरी ते डोक्यात शिरायला जागा मिळेना. "का पण?" "साधी तक्रार केली तर कंपनी कुणालाही पाठवते," तो म्हणाला. "मोडतोड असली की मला." आणि मान खाली घालून, "मी काही बोललो नाही कधी. त्याही नाही. मी पाइप बदलतो, त्या चहा देतात. बिनसाखरेचा. बस."

"मग सांगितलं का नाहीत कंपनीत?" ती म्हणाली. "आता सात वर्षं आहेत," तो म्हणाला. "आधी तर नव्हती." तो अगदी हळू, जणू दुखणं कुठे आहे ते डॉक्टरांना दाखवावं तसं, म्हणाला, "आधी बरं वाटायचं."

पुढचे काही दिवस धाकटी लॅबमध्ये नुसती हाताने होती. हेवा गेला नव्हता, त्याने कूस बदलली होती. रविवारी दुपारी ज्याने सात वर्षं उचलून ठेवली होती तो नवरा नव्हता. ती बाई होती. तो फलक स्वतः लावून, कदाचित स्वतःच्या हाताने खिळा ठोकून, आणि मग त्याच फलकाखाली वाकून, वाळू पसरून. या माणसासाठी. बातम्या बघताना तोंड उघडं राहणाऱ्या, सफरचंदं ओळीत मांडणाऱ्या या माणसात त्या बाईला असं काय दिसलं होतं? धाकटीने आठवून बघितलं, आपण याच्यासाठी काय मोडलं. काही नाही. कामाचा एक दिवससुद्धा नाही, मंगळवारचा सोडला तर, आणि तो काही त्याच्यासाठी नव्हता. डबा केला, शर्ट इस्त्री केला, साखर घातली, काढली, परत घातली. सगळं घडवलं, मोडलं काही नाही. तिला नवऱ्याला कुणी आपल्यापासून नेईल ही भीती वाटतच नव्हती; त्या बाईला तो जसा मिळाला होता तसा तो आपल्याला कधीच मिळाला नाही, ही जळजळ होती, आणि तिच्यावर औषध नव्हतं.

शुक्रवारी चौकीतून निरोप आला. कंपनीने नव्या कायद्याखाली तक्रार केली होती, इन्स्पेक्टरला मेकॅनिकचा जबाब हवा होता: पाइप कापला आहे की झिजून फाटला आहे. जुना पाइप भंगारात गेला होता. आता त्याच्या शब्दावर होतं. कापला म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न फार लांब गेले नसते, वाळू कुठून आली, मशिनची चावी कुणाकडे असते. शनिवारी सकाळी तो आंघोळ करून, केस विंचरून दारात उभा राहिला आणि निघेना. "काय सांगू?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत त्याने तिला असं काही विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं ते दुसऱ्या बाईबद्दल. तिच्या जिभेवर खरं ते सांगा हे शब्द तयार होते. चांगले शब्द होते, कुणी नावं ठेवली नसती. पेट्रोल होतं, खेळ नव्हता. रांगेत माणसं असतात. तिने त्या बाईला चौकीत बाकावर बसलेलं पाहिलं, पांढरे केस कानामागे सारताना. मग तिने त्याला पाहिलं, संध्याकाळी खाटेवर पाय सोडून बसलेला, एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं, कुणीतरी आपल्यासाठी आत बसलंय हे माहीत असलेला. बिनसाखरेचा चहा पिणारा. तिला आत पाठवलं तर ती या घरातून कधीच बाहेर जाणार नाही. "झिजला म्हणा," धाकटी म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कुणासाठी हे तिने बघितलं नाही. "आणि त्यांना फोन करून सांगा, परत असं केलं तर मी स्वतः चौकीत जाईन. उद्या एखादी बिडी पेटली तर माणसं जळतील. माझं नाव घेऊन सांगा." "सांगतो," तो म्हणाला.

त्याने दोन्ही केलं. इन्स्पेक्टरने फारसं ताणलं नाही. कंपनीने चारही पाइप बदलले आणि कोपऱ्यात कॅमेरा लावला. महिन्याभराने जेवताना तो म्हणाला, "मॅनेजरबाई गेल्या. बदली मागून घेतली, भावाच्या गावाला." "तुम्हाला भेटून गेल्या?" "नाही." त्याने ताट पुढे केलं, तिने भात वाढला. तो नेहमीएवढाच जेवला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. घर पूर्वीसारखं झालं, आणि पूर्वीसारखं झालेलं ते घर तिला सहन होईना. तो खाटेवर पडलेला असला की ती पडद्याआडून बघायची, त्या बाईच्या जाड चष्म्यातून बघायचा प्रयत्न करायची. दिसायचं ते एवढंच: मानेवर केस वाढलेत, कापायला हवेत.

एका सकाळी तिने विचारलं, "आज कुठे आहे काम?" तो म्हणाला, "बाजाराजवळच्या पंपावर. का?" "काही नाही." अकराच्या सुमारास लॅबमध्ये तिने दिवा विझवला आणि अर्धा कोरलेला जबडा तसाच टेबलावर ठेवला. मास्तर म्हणाले, "अहो, डॉक्टरांचा माणूस बाराला यायचाय." "सांगा त्याला, आज होणार नाही," ती म्हणाली, आणि कारण न देता बाहेर पडली.

पंपावर नवरा एका मशिनचा पत्रा उतरवत होता. ती दिसताच त्याच्या हातातला पाना खाली आला. "काय झालं?" तो म्हणाला, "कोण गेलं?" "कुणी नाही." "मग?" "सहज आले." त्याने तिच्या मागे रस्त्यावर बघितलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. मग कापडाला हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. "थांबतेस? थोडा वेळ लागेल." "थांबते." ती हवा भरायच्या जागेशी कठड्यावर बसली. थोडा वेळ तो अवघडल्यासारखा करत होता, मग तिला विसरला. मशिनच्या पोटात हात घालून त्याने पलीकडच्या माणसाला "चालू" म्हणून सांगितलं, डोळे मिटले, तळवा मोटारीवर सपाट ठेवला आणि मान कलती करून ऐकत राहिला. "बंद. परत चालू." तोंडातल्या तोंडात मशिनशी काही बोलला. एक आटा सैल केला, अगदी थोडा, तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसा हात परत ठेवला, आणि काहीतरी जागेवर आलं असावं, कारण त्याचा चेहरा आतून मोकळा झाला. हा चेहरा घरी कधी आला नव्हता. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं. "कंटाळलीस का?"

"नाही," ती म्हणाली. "करा तुम्ही."

त्याने परत डोळे मिटले. त्या बाई नेमक्या कुठे उभ्या राहत असतील, असा विचार करत ती उठली आणि जिथून तो नीट दिसेल अशा जागी जाऊन उभी राहिली.